‘ब्लू’ आणि पाण्याखालचे खजिनापट : ‘दृश्ये उत्तम, कथा कच्ची’ हा निकाल पुरेसा आहे का?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

सांगलीतील आमच्या चित्रपटप्रेमींच्या छोट्या गटाने पुढच्या बैठकीसाठी पाण्याखालच्या खजिन्याच्या शोधावर बेतलेले थरारपट हा विषय घेतला आहे. त्यासाठी पीटर येट्स यांचा ‘द डीप’ (१९७७), जॉन स्टॉकवेल यांचा ‘इन्टू द ब्लू’ (२००५) आणि अँथनी डिसूझा यांचा हिंदी ‘ब्लू’ (२००९) हे तीन चित्रपट निवडले आहेत. सदस्यांनी चित्रपट आपापल्या घरी पाहून यायचे आणि मग एकत्र बसून बोलायचे, अशी आमची पद्धत आहे. ‘ब्लू’वर थोडी प्राथमिक चर्चा झाली आणि ती सुरू होण्याआधीच संपल्यासारखी वाटली, कारण जवळजवळ प्रत्येकाने एकच निकाल दिला : पाण्याखालचे चित्रण उत्तम, पण कथेत दम नाही.

२००९ च्या दिवाळीत, १६ ऑक्टोबरला, हा चित्रपट आला तेव्हाही बहुतेक परीक्षणांचा सूर हाच होता. तोपर्यंतचा सर्वांत खर्चिक हिंदी चित्रपट म्हणून त्याची चर्चा झाली होती. अक्षय कुमार, संजय दत्त, लारा दत्ता, झायेद खान आणि पाहुणी म्हणून कतरिना कैफ, ए. आर. रहमान यांचे संगीत, एका गाण्यात थेट कायली मिनोग आणि बहामा बेटांच्या समुद्रातील चित्रीकरण, एवढे सगळे जुळवूनही प्रेक्षकांनी तो मनापासून स्वीकारला नाही. ‘इन्टू द ब्लू’ची गतही फारशी वेगळी नव्हती, सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून केलेला तो चित्रपट जगभरच्या चित्रपटगृहांतून खर्चाइतकेही पैसे मिळवू शकला नाही. ‘द डीप’च्या कथेवरही समीक्षकांनी त्या वेळी टीका केली होती, मात्र प्रेक्षकांनी तो उचलून धरला आणि अमेरिकेत तो त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला.

म्हणजे तीन दशकांच्या अंतराने, दोन वेगळ्या देशांतील प्रेक्षकांसाठी केलेल्या तीन चित्रपटांबद्दल जाणकारांनी जवळपास एकच वाक्य उच्चारले, आणि तरीही एक चालला व दोन चालले नाहीत. हे कसे समजून घ्यावे? चित्रण आणि कथा यांना असे दोन पारड्यांत टाकून तोलता येते का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. मला स्वतःला तसे करता येत नाही असे वाटते, परंतु गटापुढे ते कारणांसह मांडण्याइतकी स्पष्टता माझ्या मनात नाही. ज्यांना नाटकाचा, चित्रपटाचा किंवा प्रत्यक्ष पाण्याखाली उतरण्याचा अनुभव आहे, त्यांनी लिहावे. एक विनंती : ‘ब्लू’च्या शेवटी जो उलगडा होतो तो येथे सांगू नये, कारण गटातील काही जणांनी तो अजून पाहिलेला नाही.

रंगपीठ (सांगली)

मी हौशी रंगभूमीवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळे माझे उत्तर नटाच्या बाजूने येणार, हे आधीच सांगतो. तुमच्या गटाने दोन निकाल दिले आहेत असे वाटते खरे, पण तो एकच निकाल आहे.

पाण्याखाली गेल्यावर नटाजवळचे काय काय काढून घेतले जाते, ते पाहा. डोळ्यांवर आणि नाकावर मुखवटा येतो, तोंडात हवेची नळी येते, बोलणे बंद होते. रंगमंचावर चेहरा झाकला तरी चालण्यातून, मानेच्या वळणातून, हाताच्या एका झटक्यातून पात्र ओळखता येते. समुद्रात तेही राहत नाही, कारण पाणी सगळ्यांना एकाच लयीत हलायला लावते. घाबरलेला, लोभावलेला आणि पश्चात्तापाने पोखरलेला, असे तिघे जण शेजारी शेजारी पोहत असले तरी तिघांचेही पाय सारखेच हलतात. मग कोणाच्या मनात काय चालले आहे, हे प्रेक्षकाला कळणार कसे? ते त्याने वरूनच, जमिनीवरून, सोबत घेऊन यावे लागते. पाण्याखालचे दृश्य स्वतः काहीही सांगत नाही. आधी सांगितलेले फक्त वसूल करते. त्यामुळे जमिनीवरचा भाग ढिला असेल तर खालचे चित्रण कितीही देखणे असले तरी ते पर्यटन खात्याच्या माहितीपटापलीकडे जात नाही.

‘द डीप’मध्ये ही तयारी फार निगुतीने केलेली आहे. बर्म्युडात सुट्टीवर आलेल्या जोडप्याला दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ‘गोलायथ’ नावाच्या जहाजात मॉर्फीनची एक कुपी सापडते आणि त्याच जागी एक जुनी स्पॅनिश वस्तूही सापडते. पुढे कळते की वर युद्धकाळातील जहाज आहे आणि त्याच्याखाली शतकांपूर्वीचे दुसरे जहाज आहे. वरच्या जहाजात दारूगोळा आहे, कुप्यांवर डोळा ठेवून असलेली टोळी किनाऱ्यावर बसलेली आहे, आणि भगदाडात मोरे ईल जातीचा एक भलामोठा, सापासारखा मासा राहतो. रॉबर्ट शॉ यांनी साकारलेला अनुभवी खजिनाशोधक ट्रीस अंधाऱ्या भोकात हात घालतो, तेव्हा या सगळ्या गोष्टी आपल्याला आधीपासून माहीत असतात. नटाचा चेहरा दिसत नसतानाही आपण आपल्या जागी आखडून बसतो, ते त्यामुळे. कथा तर्काच्या कसोटीवर लंगडी आहे, हे समीक्षकांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु तर्काने लंगडी कथा आणि तयारी न केलेली कथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रेक्षक पहिली सहज माफ करतात.

‘ब्लू’मध्ये बीज चांगले होते, हे मी आग्रहाने सांगेन. बुडालेले जहाज कुठे आहे हे सागरला ठाऊक आहे, पण वडिलांच्या मृत्यूच्या आठवणीमुळे त्याला तिथे जायचे नाही. त्याचा मालक आणि मित्र आरव त्याला तिथे न्यायला उत्सुक आहे. आणि धाकटा भाऊ कर्जात अडकून बँकॉकहून पळून आला आहे. एवढ्या सामग्रीवर आपल्याकडचा एखादा अनुभवी नाटककार तीन अंक लिहील. चित्रपटात मात्र हे बीज आणि प्रत्यक्ष बुडी यांच्या मध्ये मोटारसायकलींचा पाठलाग, गाणी आणि किनाऱ्यावरचा थाट एवढा पसरला आहे की सागरची भीती आपण संवादात ऐकतो आणि विसरून जातो. शेवटी तो पाण्यात उतरतो तेव्हा आपल्याला निळे पाणी दिसते, त्याचे भय दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. ‘ब्लू’चे छायाचित्रण लक्ष्मण उतेकर यांचे आहे, जे पुढे दिग्दर्शक झाले आणि ज्यांचा ‘छावा’ सांगली-साताऱ्यात घरोघरी पोहोचला. चित्रणाचे कौतुक करताना आपल्याकडे हे नाव घेतले जात नाही, याचे मला नवल वाटते.

अजिंक्यतारा (सातारा)

वरील प्रतिसाद पटला, पण त्यात एक दुरुस्ती सुचवतो. पाणी नटाजवळचे पुष्कळ काढून घेते हे खरे असले, तरी लेखकाला ते पुष्कळ काही देतेही, आणि ‘ब्लू’ने ते घेतलेच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. मी मूळचा साताऱ्याचा असून स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक प्रशिक्षण तारकर्लीला घेतले आहे. पावसाळा संपल्यावर मालवणच्या समुद्रात उतरण्याची सवय आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

पहिली देणगी म्हणजे हवेचा हिशेब. दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि प्रत्येक श्वासाला चौपट हवा खर्ची पडते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे २४०० लिटर. शांतपणे श्वास घेणारा माणूस मिनिटाला वीस लिटर हवा वापरतो असे धरले, तर पृष्ठभागालगत ती दोन तास पुरेल आणि तीस मीटरवर फक्त अर्धा तास. तोच माणूस घाबरला आणि धापा टाकू लागला की अर्ध्या तासाचा पाव तास होतो, आणि त्यातूनही वर येण्यासाठी काही हवा राखून ठेवावी लागते. आता विचार करा, ज्याला त्या जागेची मनातून दहशत आहे असा सागर खाली उतरतो. त्याची भीती दाखवण्यासाठी चेहऱ्याची गरजच काय? त्याच्या दाबमापकाचा काटा शेजाऱ्याच्या काट्यापेक्षा भराभर खाली येताना दाखवला असता, तरी वडिलांची आठवण त्याच्या फुफ्फुसात कुठवर शिरली आहे हे एका चित्रात कळले असते.

दुसरी देणगी म्हणजे वर येण्याची बंदी. खोल पाण्यात दाबाखालची हवा घेतलेल्या माणसाने श्वास रोखून झपाट्याने वर यायचे नसते, कारण वर येताना दाब कमी होतो, फुफ्फुसातील हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकते. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वेगळाच. म्हणून मिनिटाला नऊ मीटरच्या आसपासच्या संथ गतीने यायचे, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, असे शिकवले जाते. शत्रू मागे लागला आहे आणि तरीही तीन मिनिटे जागच्या जागी तरंगत राहायचे आहे, यापेक्षा चांगला थरार कोणता पटकथाकार कल्पनेने निर्माण करील? या प्रकारच्या चित्रपटांत माणसे मारामारी करून बाणासारखी वर येतात, आणि ज्याला यातले काही माहीत नाही अशा प्रेक्षकालाही ते कुठेतरी खटकते. त्याला कारण सांगता येत नाही, पण जे इतके सोपे दिसते त्यात धोका नसणार, एवढे त्याला कळते.

रंगाचेही तसेच. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. पहिल्या काही मीटरांतच लाल रंग मंद होत जातो आणि आणखी खाली जखमेतून येणारे रक्त हिरवट काळपट दिसते. मोठे दिवे खाली नेल्याशिवाय पडद्यावरचे ते झळाळते रंग मिळत नाहीत. चांदीच्या जुन्या नाण्यांबद्दल तर चित्रपटांनी फारच गैरसमज करून दिला आहे. खाऱ्या पाण्यात चांदी काळी पडते, नाणी एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि न जाणणारा माणूस त्यांना दगड समजून पुढे जातो. चकाकते ते फक्त सोने. उष्ण समुद्रात उघड्या पडलेल्या लाकडाला किडे पोखरतात, म्हणून शतकांपूर्वीच्या जहाजाची जागा बहुधा तोफा, नांगर आणि तळाला भरलेल्या वजनाच्या दगडांच्या ढिगावरून ओळखावी लागते. ‘इन्टू द ब्लू’मध्ये नायकाच्या हाती सुरुवातीला विखुरलेले अवशेष लागतात आणि ते नक्की कोणत्या जहाजाचे हे सिद्ध करण्याची त्याची धडपड चालते, एवढा भाग मला त्यामुळे पटला.

त्या चित्रपटाची आणखी एक बाजू सांगतो. त्यातील बराच काळ पॉल वॉकर आणि जेसिका अल्बा नुसता श्वास रोखून खाली जातात, तोंडात नळी नसते, आणि त्यामुळे रंगपीठ यांनी म्हटलेला चेहरा काही प्रमाणात परत मिळतो. दिग्दर्शकाने हे जाणून केले की नटांच्या देखणेपणासाठी केले, हे मी सांगू शकत नाही, पण उपयोग झाला.

वारणेकाठी (वाळवा तालुका, सांगली)

आपण सर्व जण चित्रपटावर फार कडक परीक्षा लादत आहात असे मला वाटते. ‘ब्लू’ दिवाळीत आला होता. दिवाळीत कुटुंबासह चित्रपटगृहात गेलेला प्रेक्षक दाबमापकाचा काटा पाहायला जात नाही. जत्रेत पाळण्यात बसणाऱ्याला पाळणा कुठे जातो याची चिंता नसते, तो वर-खाली होण्याचा आनंद घेतो. आमच्या भागातील ज्या तरुणांनी तोवर समुद्रही क्वचितच पाहिला होता, त्यांना पडद्यावर शार्क माशांच्या मधून पोहणारा अक्षय कुमार पाहून जो आनंद झाला, तो खोटा होता असे कोणी म्हणू नये. त्या काळच्या हिंदी चित्रपटात एवढा पाण्याखालचा भाग कोणी घेतला होता? नवीन काही करू पाहणाऱ्याला पहिल्याच प्रयत्नात परदेशी चित्रपटांच्या शेजारी उभे करणे मला न्याय्य वाटत नाही.

शिवाय त्याच दिवशी ‘ऑल द बेस्ट’ हा विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला होता. सणाच्या गर्दीत हसवणारा चित्रपट पुढे गेला, यात ‘ब्लू’च्या कथेचाच दोष आहे असे कशावरून?

कृष्णाकाठ

वारणेकाठी यांचा मुद्दा गटातही एकाने मांडला होता आणि तो मी बाजूला टाकत नाही. फक्त एक शंका आहे. प्रेक्षक केवळ पाळण्याच्या आनंदासाठी आले असते, तर त्यांनी बाहेर पडताना कथेबद्दल तक्रार केलीच नसती. ज्या अर्थी बहुतेकांनी ती केली, त्या अर्थी चित्रपटाने स्वतःच त्यांना कथेची आशा दाखवली होती. वडिलांचा मृत्यू, भावाचे कर्ज, मित्राचा आग्रह असे सगळे मांडून मग ते अर्ध्यावर सोडले, याची ती नाराजी असावी.

आता दुसरा प्रश्न. ‘द डीप’ आणि ‘इन्टू द ब्लू’ या दोन्हींत खजिन्याशेजारी अमली पदार्थांचा साठा सापडतो. हा योगायोग, अनुकरण, की या प्रकाराची ती गरजच आहे?

प्रीतिसंगम (कराड)

मी वकिली करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाला माझ्या बाजूने उत्तर देतो. ती गरज आहे, आणि तिचे कारण खजिन्याच्या मालकीत आहे. खजिना नुसता सापडला तर गोष्ट तिथेच संपते. तो सापडूनही उघडपणे घेता येत नाही, अशी अडचण उभी राहिली तरच गोष्ट सुरू होते. ‘इन्टू द ब्लू’मध्ये बुडालेल्या विमानातील कोकेनची वर्दी द्यावी, तर त्या जागेवर पोलिस आणि प्रतिस्पर्धी गोळा होतील आणि जहाजावरचा हक्क सांगण्याआधीच तो हातचा जाईल, वर्दी न द्यावी, तर आपण गुन्ह्यात भागीदार होऊ. शोध घेणाऱ्या चौघांपैकी दोघांना कोकेन विकून शोधाचा खर्च काढावासा वाटतो आणि दोघांना ते मान्य नाही. हा खरोखरच चांगला पेच आहे, आणि तो पेच जोवर टिकतो तोवर तो चित्रपटही टिकतो. उत्तरार्धात पाठलाग आणि हाणामारी सुरू झाली की पेच मागे पडतो. ‘ब्लू’मध्ये खजिना कोणाचा, तो वर काढल्यावर त्याचे काय होणार, हे प्रश्न पात्रांना फारसे छळत नाहीत, त्यामुळे पेच फक्त वैयक्तिक राहतो आणि खजिना निमित्तमात्र होतो.

प्रत्यक्षातील खजिन्यांचा इतिहास पाहिला तर सगळा थरार या मालकीतच दडलेला दिसतो. १६२२ साली फ्लोरिडाजवळ बुडालेले ‘आतोचा’ हे स्पॅनिश जहाज मेल फिशर यांनी सोळा वर्षे शोधले. त्या शोधात १९७५ साली त्यांचा मुलगा आणि सून बोट उलटून गेले, फ्लोरिडा राज्याशी हक्काचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मुख्य साठा २० जुलै १९८५ रोजी हाती लागला. दुसरे उदाहरण ‘मर्सेडीस’चे. १८०४ साली पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून दूर बुडालेल्या या स्पॅनिश जहाजातील सुमारे सहा लाख नाणी एका अमेरिकी कंपनीने २००७ साली वर काढून फ्लोरिडात नेली. स्पेनने दावा लावला, अमेरिकी न्यायालयांनी स्पेनच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१२ च्या फेब्रुवारीत ती सगळी नाणी स्पेनच्या लष्करी विमानांतून परत गेली. समुद्रातून सतरा टन वजनाची नाणी वर काढणारा शेवटी रिकाम्या हाताने उरला. यावर कोणी चित्रपट केला तर पाण्याखालचे दृश्य अर्ध्या तासाचे आणि न्यायालयातले दीड तासाचे होईल, पण मी तो पाहीन.

आपल्या जवळचे एक उदाहरण अनेकांना ठाऊक नसते. जोग धबधब्याजवळच्या गेरसोप्पाचे नाव असलेले ‘गेरसोप्पा’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज १९४० च्या डिसेंबरात कलकत्त्याहून निघाले आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीने ते बुडवले. त्यात चहा, बिडाचे लोखंड आणि चांदी होती. २०१२ साली त्यातील सुमारे ४८ टन चांदी वर आली, ती सुमारे ४७०० मीटर खोलीवरून. एवढ्या खोलीवर स्कूबाचा माणूस जाऊच शकत नाही. जहाजावर बसून दुरून चालवलेल्या यंत्रांनी ती काढली. अजिंक्यतारा यांच्या हिशेबात न बसणारा हा खजिना आहे, आणि चित्रपटवाल्यांच्या दृष्टीने निरुपयोगीही, कारण त्यात देखणा नायक पाण्यात उतरत नाही.

भारतीय कायद्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ‘ब्लू’ पाहून आल्यावर हा प्रश्न मला विचारला गेला आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा जमिनीत लपवलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. समुद्रतळावरच्या जहाजाचा प्रश्न त्यात येत नाही. पाण्याखाली किमान शंभर वर्षे राहिलेल्या अवशेषांना वारसा मानून त्यांचा व्यापार रोखणारा युनेस्कोचा करार २००१ साली झाला आणि २००९ च्या जानेवारीत, म्हणजे ‘ब्लू’ येण्याच्या काही महिने आधी, तो अमलात आला.

आणि एक गोष्ट आपल्या भागाची. आपल्याकडे गुप्तधन म्हटले की साहस आठवत नाही. मांत्रिक, रात्री खणलेले खड्डे आणि कधीकधी त्याहून भयंकर बातम्या आठवतात. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो २०१३ साली त्यांच्या हत्येनंतर झाला, आणि गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अमानुष कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत. खजिन्यासाठी माणूस कोणत्या थराला जातो हे आपल्या प्रेक्षकाला पडद्याबाहेर माहीत आहे. हिंदी चित्रपटातील खजिना त्यापुढे फारच निरागस, सुट्टीवर गेल्यासारखा वाटतो, हे त्याच्या नापसंतीमागचे एक कारण असू शकेल.

तंतुवाद्य (मिरज)

सगळ्यांनी डोळ्यांबद्दल लिहिले, कानांबद्दल कोणीच लिहिले नाही. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. आवाज दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच वेळी येतो, त्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे माणसाला ओळखता येत नाही. बोटीच्या यंत्राची घरघर ऐकू येते, पण ती समोरून की मागून, हे कळत नाही. ज्या खेळात शत्रूची बोट डोक्यावर येऊन उभी राहणार आहे, तिथे हे किती उपयोगी आहे! ‘ब्लू’मध्ये रहमान यांचे संगीत चांगले आहे, त्याबद्दल वाद नाही, पण पाण्याखालच्या दृश्यांत ते जवळजवळ सतत वाजत राहते आणि श्वासाचा आवाज, बुडबुडे, दूरची घरघर यांना जागाच उरत नाही. प्रेक्षकाला पाण्याखाली असल्याचे दिसते, पण तसे ऐकू येत नाही. ‘द डीप’ला ऑस्करचे जे एकमेव नामांकन मिळाले ते ध्वनीसाठी होते, हे तुमच्या गटाला जरूर सांगा.

रंगपीठ

मिरजकरांचा मुद्दा मोलाचा आहे. आपण नाटक पाहायला जात असलो तरी आपल्या भागातील जुना प्रेक्षक नाटक ‘ऐकणारा’ होता, आणि विष्णुदास भाव्यांच्या गावात हे विसरलो याची मला गंमत वाटते. वारणेकाठी यांना एवढेच सांगेन की पहिला प्रयत्न म्हणून सवलत द्यावी हे मान्य आहे, पण सवलत तंत्राला द्यावी लागते, आणि इथे तंत्राने ती मागितलीच नाही. ते उत्तमच होते. चित्रपट जिथे कमी पडला ती पटकथा, आणि पटकथा लिहिणे आपल्याकडे नवीन नव्हते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. बैठकीचा क्रम आता असा ठरवत आहे : आधी ‘द डीप’मधील मॉर्फीनची कुपी सापडण्यापासून पहिल्या मोठ्या बुडीपर्यंतचा भाग, मग ‘इन्टू द ब्लू’मधील चौघांचा कोकेनवरचा वाद, आणि त्यानंतर ‘ब्लू’मधील सागर जहाजाकडे उतरतो ते दृश्य, एकदा संगीतासह आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. अजिंक्यतारा यांना विनंती आहे की शक्य असल्यास त्यांनी बैठकीला यावे आणि हवेचा तो हिशेब फळ्यावर मांडावा.

अजिंक्यतारा

जरूर येईन, सातारा-सांगली अंतर फार नाही. एक सूचना आहे. आवाज बंद करून दाखवण्याऐवजी त्या दृश्यावर केवळ रेग्युलेटरच्या (तोंडात धरायच्या हवेच्या साधनाच्या) श्वासाचा ध्वनी लावून पाहा. तो मी सोबत आणतो. आधी संथ लयीत आणि मग दुप्पट वेगाने लावू, आणि प्रेक्षकांना विचारू की कोणत्या वेळी सागर घाबरलेला वाटला. वारणेकाठी यांनीही यावे, म्हणजे दिवाळीच्या प्रेक्षकाची बाजू मांडायला कोणी तरी असेल.